भाग जात नाही

खामगावला बदली होऊन आले आणि दुसऱ्याच सकाळी, खाली कोणीतरी शेवटच्या घटका मोजतंय अशा समजुतीने मी घाईघाईने जिना उतरले. झालं असं की दूधवाल्याचा आवाज वर आला, "गेला का, बाई?" आणि आमच्या घरमालकीण बाईंचं उत्तर ऐकू आलं, "नाही गेला."

"काल तं तुम्ही म्हनत होत्या, जाईन म्हणून."

"वाटलं होतं. आता उद्या पाहू."

दोघांच्याही आवाजात दुःख नव्हतं. उलट दूधवाला जरा कंटाळल्यासारखा वाटला. मी चेहरा जमेल तितका गंभीर करून ओट्यावर आले आणि हळू आवाजात विचारलं, "घरात कोण आजारी आहे?" दूधवाल्याने एकदा माझ्याकडे, एकदा बाईंकडे पाहिलं आणि हसू दाबत मोटरसायकलला किक मारली. बाई उन्हात सतरंजीवर बसल्या होत्या. मांडीवर दगडी पाटी, हातात पाटीवरची पेन्सिल. चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहत त्या म्हणाल्या, "आजारी कोणी नाही. भाग नाही गेला."

मी वीज कंपनीत कनिष्ठ अभियंता. सातारा जिल्ह्यातून नोकरीसाठी थेट वऱ्हाडात आलेली. निम्मी बोली कळायची नाही, त्यात हे. माझा गोंधळ पाहून त्यांनी मला समोर बसवलं, पाटी ओल्या फडक्याने पुसली आणि तिच्यावर एकापासून नऊपर्यंतचे अंक ओळीने लिहून शेवटी पुन्हा एक लिहिला. १२३४५६७८९१.

"वाच."

मी जीभ अडखळत वाचलं. एकशे तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे एक्क्याण्णव.

"ही मूळ संख्या आहे की नाही, हा प्रश्न आहे," बाई म्हणाल्या.

त्यांचं एक होतं. गणित बोलताना त्या शुद्ध पुस्तकी मराठी बोलत आणि गणित संपलं की त्याच श्वासात वऱ्हाडीत उतरत. कुठलं वाक्य कशाचं आहे हे भाषेवरूनच कळायचं. मूळ संख्या म्हणजे एक आणि ती स्वतः यांखेरीज जिला कुठल्याच संख्येने पूर्ण भाग जात नाही अशी, हे मलाही ठाऊक होतं. पण बाईंनी तेही पुन्हा सांगितलं, कारण समोरच्याला ठाऊक आहे असं त्या कधी गृहीत धरत नसत.

मग त्यांनी मला पहिली पायरी दाखवली. शेवटी एक आहे, म्हणून दोन आणि पाच बाद. अंकांची बेरीज शेहेचाळीस, म्हणून तीनही बाद. मग उजवीकडून तीन-तीनचे गट पाडले: आठशे एक्क्याण्णव वजा पाचशे सदुसष्ट, अधिक दोनशे चौतीस, वजा एक. उत्तर पाचशे सत्तावन्न. "या पाचशे सत्तावन्नला सातने, अकराने किंवा तेराने भाग गेला असता तर मोठ्या संख्येलाही गेला असता. नाही जात. इथपर्यंत सोपं आहे." आणि मग, पाटी बाजूला ठेवत, "याच्या पुढं मातर एकेकाले धरून भाग द्या लागते. दुसरा रस्ता नाही."

प्रत्येक संख्येने भागायची गरज नव्हती, फक्त मूळ संख्यांनी. आणि त्याही पस्तीस हजार एकशे छत्तीसपर्यंतच. कारण ही संख्या दोन संख्यांच्या गुणाकारातून बनली असेलच, तर त्यातली एक तरी त्याच्या आतली असणार. पण पस्तीस हजारांच्या आत मूळ संख्या साडेतीन हजारांहून जास्त आहेत. बाई रोज दोन भागाकार करत. सकाळचा चहा झाला की एक, तो पडताळून झाला की दुसरा. तिसरा कधीच नाही. थकलेलं डोकं खोटं बोलतं, असं त्यांचं म्हणणं. भागाकार झाला की पाटी पुसून टाकायची. कागद नाही, वही नाही. कुठल्या भाजकापर्यंत आलो तेवढा आकडा स्वयंपाकघराच्या दारावर खडूने लिहिलेला. मी राहायला आले तेव्हा तो सतरा हजारांच्या आसपास होता.

हा प्रश्न त्यांना पडला नोकरीच्या शेवटच्या वर्षी, नववीच्या वर्गात. मूळ संख्या शिकवताना एका मुलीने फळ्यावर जाऊन हा आकडा लिहिला आणि विचारलं, मॅडम, ही मूळ हाय का? बाई म्हणाल्या, पाहून सांगते. मग परीक्षा आल्या, निवृत्ती आली, शाल-नारळ झाला. प्रश्न राहिला.

"त्या मुलीला सांगणार मग तुम्ही?" मी विचारलं होतं.

"कोणती होती तेच आठवत नाही," बाई म्हणाल्या. "प्रश्न आठवते फक्त."

"पाहून सांगते" हे त्यांचं सगळ्याच गोष्टींना उत्तर असे. शेजारणीने विचारलं, वांगी चांगली निघाली का, तर पाहून सांगते. आज शुक्रवार ना, तर पाहून सांगते, आणि खरोखरच आत जाऊन कॅलेंडर पाहून येत. मीटरवाला रीडिंग घेऊन गेला की त्याच्यामागोमाग स्टुलावर चढून स्वतः मीटर वाचत, आणि तो चुकला नसेल तर मला वरून हाक मारून सांगत, "तुमचा माणूस बरोबर हाय बरं." आमच्या खात्याबद्दल त्यांना आदर होता तो एवढ्याचसाठी, आणि भारनियमनासाठी. लाईट गेली की गल्लीतले टीव्ही बंद पडत आणि बाईंना शांतपणे भागाकार करता येई. सगळी गल्ली मला शिव्या घालत असताना त्या एकट्या म्हणायच्या, "तुमचं खातं चांगलं काम करून राह्यलं."

उंच, हाडकुळ्या, सुती साडीतल्या. मेहकर तालुक्यातल्या एका खेड्यातल्या बौद्ध घरातून आलेल्या, वडील दुसऱ्याच्या शेतावर कामाला. त्या गावातून बी.एस्सी. झालेली पहिली मुलगी. कोणी याचं कौतुक करायला लागलं की त्या तोडून टाकत, "पह्यली म्हणजे माह्या आधी कोणी नव्हती, इतकंच. त्याच्यात माह्यं काय?" लग्न केलं नव्हतं. का, असं मी एकदा विचारलं. "राह्यलं," म्हणाल्या. त्या शब्दात खंत शोधायचा मी प्रयत्न केला; सापडली नाही.

आता, अशी माणसं असली की त्यांना मदत करणारे भेटतातच. पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये असलेला त्यांचा भाचा दर दिवाळीला म्हणायचा, मावशी, मी दोन सेकंदांत सांगतो. बाई त्याला फराळाचं ताट द्यायच्या आणि तोंड बंद ठेवायला सांगायच्या. बँकेतले एक शेजारी एकदा मोबाईल उघडून अर्ध्या वाक्यापर्यंत आले, तर बाईंनी दोन्ही कानांवर हात ठेवले आणि तशाच आत निघून गेल्या. नंतर मी त्यांना म्हटलं, "अहो, उत्तर तर आहेच ना तिथे."

"असन. त्या मशीनले मालूम असन. मले नाही ना."

मी स्वतः पहिल्याच आठवड्यात लॅपटॉपवर पाहिलं होतं. क्षणही लागला नाही. संख्या मूळ होती. म्हणजे बाई रोज सकाळी उन्हात बसून जे करत होत्या त्याचं उत्तर रोज "नाही गेला" असंच येणार होतं, पस्तीस हजारांपर्यंत. मला यात तेव्हा काही हृदयद्रावक वगैरे वाटलं नाही. माझ्या ओळखीच्या बहुतेकांच्या दिनक्रमातून याहून फार काही निघत नव्हतं.

हे ठाऊक असलेली आणखी एक व्यक्ती होती, ते म्हणजे विज्ञानाचे सर. बाईंच्याच शाळेत शिकवून निवृत्त झालेले, विधुर, ठेंगणे, गोल चेहऱ्याचे. गावाकडे भावासोबत शेती होती, पण मन शेतात नव्हतं. रोज पाच वाजता काखेत पेपर घेऊन यायचे, ओट्यावरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचे आणि चहा येईपर्यंत बाईंशी भांडायचे. विषय ठरलेला. सर म्हणायचे, प्रयोग हेच खरं. बाई म्हणायच्या, शंभर वेळा जमलेला प्रयोग एकशे एकाव्या वेळी फसतो, सिद्धता फसत नाही. सर म्हणायचे, सिद्धता खाता येत नाही. बाई म्हणायच्या, तुमचा प्रयोग कोण खाते? मग चहा यायचा.

मी राहायला आल्यावर थोड्याच दिवसांत सरांनी मला फाटकाजवळ गाठलं. आजूबाजूला पाहिलं. "तुम्हाले मालूम हाय का?"

काय, ते विचारायची गरज पडली नाही. मी मान हलवली.

"मलेही. दोन वर्षं झाले. पोरानं पाहून सांगतलं होतं." त्यांनी घसा साफ केला. "बोलू नोका बरं."

दोन वर्षं हा माणूस रोज संध्याकाळी तिथे बसून "आज कितीवर आल्या?" विचारत होता, आणि "नाही गेला" ऐकून "अरेरे" म्हणत होता. तो अरेरे इतका खरा वाटायचा की मला त्यांच्याबद्दल थोडी भीतीही वाटली.

पुढच्या हिवाळ्यातली गोष्ट. मी ऑफिसला निघायच्या तयारीत होते. खालून बाईंचा आवाज आला, एवढा मोठा की वर्गातही कधी काढला नसेल.

"गेला!"

गल्लीतली अर्धी दारं उघडली. समोरच्या काकू कणकेच्या हातांनी धावत आल्या. पलीकडच्या घरात कोणाचे तरी पाहुणे आले होते. त्यातले एक गृहस्थ टोपी काढून, मान खाली घालून फाटकाशी येऊन उभे राहिले. बाई ओट्यावर उभ्या होत्या, दोन्ही हातांत पाटी धरून. पाटीवर वरपासून खालपर्यंत भागाकार आणि तळाशी शून्य. त्याला गोल केलेला. त्या हसत होत्या. त्यांचे दात मी तोवर पाहिले नव्हते.

"ही संख्या मूळ नाही," त्या सगळ्या गल्लीला उद्देशून शुद्ध मराठीत म्हणाल्या. "हिला विभाजक आहे." आणि मग, "वो काकू, पेढे आना लागतात. अन् सरले फोन करा कोणीतरी."

सर धावतच आले. पाटीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी चहा ठेवायच्या निमित्ताने आत गेले, तर ते पाठोपाठ स्वयंपाकघरात.

"सांगा तुम्ही," ते पुटपुटले.

"मी का? तुमची ओळख जुनी."

"म्हणून तं सांगवत नाही." त्यांनी दारावरच्या खडूच्या आकड्याकडे पाहिलं. "राहू द्या म्हणलं तं काय होते? खूश हाय बाई. पेढे खाऊ, इषय संपला. सुटतीन त्या याच्यातून."

"पण चूक आहे ते."

"हाय. पण कोनाचं काय बिघडते?"

चहा उकळून सांडायला आला म्हणून मी गॅस बारीक केला. बाहेर बाई काकूंना शून्य म्हणजे काय ते समजावून सांगत होत्या आणि काकू पेढा खात खात हो हो म्हणत होत्या.

लोक पांगले. सर त्यांच्या खुर्चीत बसले. पेढा त्यांच्या हातात तसाच. तो त्यांनी दोन-तीनदा फिरवला, बशीत परत ठेवला आणि बाईंकडे न पाहता म्हणाले, "बाई, गुणून पाह्यलं का?"

बाईंनी वर्गात आयुष्यभर पोरांना विचारलेला प्रश्न होता तो. भागाकार बरोबर आला की नाही ते गुणाकार करून पाहायचं. रोज दोन्ही भागाकार त्या पडताळायच्या. आज आनंदात राहून गेलं होतं. त्यांचा चेहरा आधी रागाने लाल झाला, मग लाजेने. त्यांनी दुसरी पाटी घेतली आणि गुणायला बसल्या.

गुणाकार जुळला नाही. मधल्या एका जागी फरक पडत होता. त्यांनी पुसून पुन्हा केला. पुन्हा तोच फरक. मग पहिली पाटी डोळ्यांजवळ नेली, लांब नेली, उन्हाकडे तिरकी धरली. स्वतःच लिहिलेला पाच त्यांनी खालच्या ओळीत उतरवताना सहा वाचला होता.

"सहा दिसला मले," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, आता झालं. चूक सापडली, उद्या पुढचा भाजक. पण बाई पाटीकडे पाहतच नव्हत्या. त्या सरांकडे पाहत होत्या. सरांना विज्ञान येत होतं, पण चेहरा सांभाळणं येत नव्हतं. त्यावर सुटकेचा भाव स्पष्ट होता.

"तुम्हाले मालूम होतं," बाई म्हणाल्या.

सरांनी पेढ्याची बशी पुढे सरकवली.

"पाटी न वाचताच मालूम होतं. आल्याबरोबर. चुकलं म्हणून." त्यांनी पाटी खाली ठेवली. "म्हणजे भाग जातच नाही कोणाचाच. म्हणजे ती..." आणि त्यांनी हात वर केला, जणू कोणी काही बोलणारच होतं. "सांगू नोका. मी काही ऐकलं नाही."

त्या आत गेल्या. दार लावलं. आम्ही दोघं ओट्यावर, मधे पेढ्यांचा डबा. सर उठले आणि पेपर तिथेच विसरून गेले.

त्यानंतर पाच वाजताचा चहा बंद झाला. सर आले नाहीत असं नाही. पहिले काही दिवस आले, फाटकापाशी उभे राहिले आणि परत गेले. मग येणं थांबलं. मला रस्त्यात भेटले की विचारायचे, "जेवतात ना?"

डोळ्यांच्या डॉक्टरकडे बाईंना मीच घेऊन गेले. म्हणजे त्यांनीच सांगितलं, "चाल माह्यासंग. मले पाहायचं हाय, कितपत दिसत नाही ते." डॉक्टर तरुण होता, बडबड्या. दोन्ही डोळ्यांत टॉर्च मारून म्हणाला, "मोतीबिंदू हाय, दोन्हीकडं. बराच पिकला. आजी, तुम्ही बारीक वाचायचं काम करता म्हणता, तं इतके दिवस केलं कसं?"

"किती दिवसांपासून असन?"

"सांगता येत नाही. दोन वर्षं, तीन वर्षं. हळूहळू येते ते. आपल्याले समजत नाही."

रिक्षात त्या मांडीवर बोटाने आकडे गिरवत होत्या. मला कारण कळायला थोडा वेळ लागला. माझ्या डोक्यात ऑपरेशन कधी करायचं, रजा मिळेल का, हे चाललं होतं. त्यांच्या डोक्यात दुसराच हिशेब होता. डोळा दोन वर्षांपासून खोटं दाखवत असेल, तर दोन वर्षांचे भागाकार खोटे असू शकतात. तीन असतील तर तीन वर्षांचे. पडताळेही त्याच डोळ्यांनी केलेले. नक्की कुठल्या दिवसापासून, ते डॉक्टरलाही सांगता येत नव्हतं.

घरी आल्यावर त्या चपला न काढता स्वयंपाकघरात गेल्या, फडकं ओलं केलं आणि दारावरचा आकडा पुसला. तो एकवीस हजारांच्या पुढे गेलेला होता. पुसताना घाई केली नाही, कोपऱ्यातला खडूही नीट काढला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भात टाकते. खाशीन ना?"

त्या दिवशी मी ऑफिसला गेले नाही. दोघी जेवलो. मला त्यांना सांगावंसं वाटत होतं की आता पुरे करा, उत्तर तर कळलंच आहे तुम्हाला. एकदा वाक्य सुरूही केलं. त्यांनी ते पुरं होऊ दिलं नाही. "मालूम होणं येगळं, पोरी," म्हणाल्या. "मले पाहून सांगायचं होतं."

एका डोळ्याचं ऑपरेशन आधी झालं. सर सकाळपासून दवाखान्याच्या बाहेर, लिंबाखाली बसून होते. आत आले नाहीत. बाई हिरवी पट्टी लावून बाहेर आल्या, माझ्या हाताला धरून रिक्षाकडे चालल्या आणि लिंबाजवळ थांबल्या. उघड्या डोळ्याने, म्हणजे अजून ऑपरेशन न झालेल्या धूसर डोळ्याने त्यांनी तिकडे पाहिलं.

"सर हायेत का ते?"

"हाव," सर उठून उभे राहिले.

"उद्या पाचले या. काम हाय."

काम असं होतं. दुसऱ्या दिवशी सर आले, खुर्चीत बसले, आणि बाईंनी एक कोरी दगडी पाटी त्यांच्या मांडीवर ठेवली. "मले आता महिना-दीड महिना काही जमत नाही, डॉक्टरनं मना केलं. अन् दुसरा डोळा राह्यलाच हाय. मी बरी झाली की पुन्हा पहिल्यापासून, सतरापासून सुरू करते. तुम्ही सतरा हजाराच्या पुढचे घ्या, शेवटपर्यंत."

सरांनी पाटीकडे पाहिलं. "बाई, मले तं उत्तर मालूम हाय."

"मालूम असून करणं जास्त कठीण हाय. पाहा, जमते का."

सरांना जमत नव्हतं. विज्ञान शिकवलेल्या माणसाला एवढा साधा भागाकार येऊ नये याचं मला आश्चर्य वाटलं, पण दहा अंकी संख्येला पाच अंकी संख्येने भागणं किती जणांना जमतं कोण जाणे. मी करून पाहिलं नाही. ते मधेच एखादा अंक खाली उतरवायला विसरत, गुणाकाराचा हातचा सोडून देत. बाई डोळे मिटून पडल्या पडल्या म्हणायच्या, "वाचून दाखवा." सर वाचायचे. बाई ऐकत ऐकत मनात करायच्या आणि मधेच ओरडायच्या, "शेष भाजकापेक्षा मोठा कसा काय आला? चौथीत होते का तुम्ही?" सर पाटी पुसायचे. एकदा त्यांनी पेन्सिल आपटली आणि म्हणाले, "मी शेतीच पाह्याले पाहिजे होती." दुसऱ्या दिवशी पाचला हजर.

बाईंचे दोन्ही डोळे बरे झाल्यावर त्याही बसू लागल्या. सकाळी त्या त्यांचे दोन करत. संध्याकाळी सर त्यांचे दोन करत आणि बाई ते पडताळत. दारावर आता दोन आकडे असत, एक वर, एक खाली. त्या सुमारास गल्लीत नवीन राहायला आलेल्या एका कुटुंबाने मला जरा बाजूला घेऊन विचारलं की या बाई आकडा घेतात का. म्हणजे सट्टा. रोज संध्याकाळी तो म्हातारा येतो, मोठमोठे आकडे बोलतो, बाई तपासतात, दारावर लिहितात. पोलीस काही करत नाहीत का? मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नाही असं मला वाटतं, कारण पुढे त्यांच्यातला थोरला बाईंना पाहिलं की आदराने नमस्कार करू लागला.

माझी अकोल्याला बदली व्हायच्या थोडं आधी सरांच्या मुलाने त्यांना नागपूरला न्यायचं ठरवलं. रक्तदाब होता, एकट्याने राहणं बरं नव्हतं; मुलाचं चुकत नव्हतं. सर नको म्हणाले, मग हो म्हणाले. गाडी शेगावहून होती. बाई आणि मी त्यांना सोडायला गेलो. स्टेशनवर दर्शनाला आलेल्यांची गर्दी, पिशव्या, पोरं. मुलगा सामान चढवत होता. सरांनी एक पिशवी मात्र कोणाला दिली नाही. तिच्यात टॉवेलमध्ये गुंडाळलेली पाटी होती, फुटू नये म्हणून.

"किती राह्यले तुमचे?" बाईंनी विचारलं.

"लय राह्यले."

"फोनवर सांगत जा. भाजक अन् शेष."

"हाव."

"रोज दोन. तिसरा नाही."

"हाव, बाई."

गाडी आली, गेली. बाईंनी हात वगैरे हलवला नाही. परतीच्या बसमध्ये त्यांनी मला खिडकी दिली आणि स्वतः पर्स मांडीवर घट्ट धरून समोर पाहत बसल्या. खामगावच्या जरा अलीकडे कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती, त्यात बस अडकली. तेव्हा एकदाच म्हणाल्या, "नागपूरले ऊन लय असते." थंडीचे दिवस होते.

मी अकोल्याला गेल्यावर आमचं बोलणं कमी झालं. सुरुवातीला फोन व्हायचे, मग सणावारी. सरांचा फोन रोज संध्याकाळी येतो, हे मात्र कळायचं. नातू खेळत असायचा, टीव्ही चालू असायचा, सर आकडे ओरडून सांगायचे, बाई ओरडून परत वाचायच्या आणि दारावर लिहायच्या.

मध्ये काही वर्षं गेली. मागच्या उन्हाळ्यात खामगावला एका सबस्टेशनच्या कामासाठी गेले, तेव्हा बाईंकडे थांबले. त्या आता काठी घेऊन चालतात. डोळे उत्तम. चहा झाला. दार कोरं होतं, नव्या रंगाचं.

"झालं का?" मी विचारलं.

"झालं. होळीच्या आधीच." त्यांनी पदर सारखा केला, ताठ बसल्या आणि वर्गात सांगावं तसं म्हणाल्या, "ती मूळ संख्या आहे."

मी मान डोलावली. अभिनंदन म्हणणं बरं वाटेना. मग माझ्यातल्या अभियंत्याने एक मूर्ख प्रश्न विचारला. तुमचे भागाकार तुम्ही पडताळले, इथे होते तोवरचे सरांचेही पडताळले. पण फोनवर त्यांनी जे सांगितले, हजारच्या आसपास असतील, ते तर तिकडेच पाटीवरून पुसले गेले. त्यांचं काय केलं? परत केले का ते?

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मीटरवाल्याच्या मागे स्टुलावर चढणारी ही बाई. कॅलेंडर पाहिल्याशिवाय वार न सांगणारी.

"काऊन करू परत?" त्या म्हणाल्या. "सरनं केले होते ना."